वीटभट्टीतला लसणाचा वास

"हा तराफा बुडणार!" गास्पार दोरीची गाठ आवळत म्हणाला.

"तू बसलास तर नक्कीच बुडणार," इद्रिस हसला. "सिदोनी एकटी बसली, तर थेट समुद्रापर्यंत जाईल!"

"मी एकटी बसणार नाही! पिपही येणार," सिदोनीने जाहीर केलं. "पण हा गेला कुठे सकाळपासून?"

गास्पार आणि त्याची दहा वर्षांची बहीण सिदोनी दर उन्हाळ्यात दोन महिने वोक्रेल या खेड्यात, फिर्मां आजोबांच्या शेतावर राहायला येत. या वर्षी गास्पारचा वर्गमित्र इद्रिसही बरोबर होता. दहा दिवस नुसती धमाल चालली होती. तळ्यात डुंबायचं, झाडावर बसून चेरी खायच्या, बिया कोण लांब थुंकतो याची पैज लावायची आणि संध्याकाळी आजोबांची बोलणी खायची!

तेवढ्यात कुंपणाखालून त्यांचा कुत्रा पिप आला. पण तो नेहमीसारखा उड्या मारत आला नाही. तो सरपटत होता. त्याचे डोळे सुजून मिटले होते, नाकावर आणि पंजांवर मोठमोठे फोड आले होते.

"पिप!" सिदोनी धावली.

"हात लावू नकोस!" मागून आजोबा ओरडले. त्यांनी रबरी हातमोजे चढवले आणि कुत्र्याला घोंगडीत गुंडाळून उचललं.

जनावरांच्या डॉक्टरांनी पिपला तपासून मान हलवली. "कसल्या तरी रसायनाने भाजलाय. तुमच्या गोठ्यात काही सांडलं होतं का, फिर्मां?"

"माझ्याकडे असलं काही नाही," आजोबा म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

पिप दोन दिवस कण्हत होता. बुधवारी सकाळी तो कण्हायचा थांबला. आजोबांनी बागेमागे खड्डा खणला. सिदोनीने दिवसभर पावाचा तुकडाही तोंडात घातला नाही.

"त्याच्या पोटाला लाल माती लागली होती," ती एकदम म्हणाली.

गास्पारने वर पाहिलं. "मग?"

"इथली माती करडी आहे, दादा! लाल माती फक्त जुन्या वीटभट्टीपाशी आहे."

गुरुवारी तिघं वीटभट्टीकडे निघाली. भट्टी बंद पडून कित्येक वर्षं झाली होती. पण दाराला नवंकोरं कुलूप होतं आणि गवतात गाडीच्या चाकांचे ताजे माग होते. दाराखाली कुत्रा शिरेल एवढी फट होती.

इद्रिसने नाक वर केलं. "इथे कोण लसूण परततंय?"

"या ओसाड जागेत?" गास्पार म्हणाला आणि दगडावर चढून त्याने दुरूनच खिडकीतून आत पाहिलं. दुसऱ्याच क्षणी त्याने खाली उडी मारली. "मागे व्हा! पळा! वाऱ्याच्या उलट बाजूला पळा!"

ओढ्यापाशी पोहोचल्यावरच तो थांबला. "तोफगोळे," तो धापा टाकत म्हणाला. "पहिल्या महायुद्धातले, इथल्या शेतांत अजून निघतात ना, तसले. भिंतीला लावून ठेवलेत, वीस तरी असतील. एकाखाली तेलासारखं काहीतरी गळलंय."

इद्रिसचा चेहरा पांढराफटक पडला. "शाळेत शिकवलं होतं ना... युद्धातला तो विषारी वायू. गोळ्यात तो तेलासारखा असतो. त्याला लसणासारखा वास येतो. अंगावर फोड येतात."

"म्हणजे पिप त्या तेलावरच पाय देऊन आला," सिदोनी हळूच म्हणाली.

त्यांनी घर गाठून आजोबांना सगळं सांगितलं. आजोबा कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले.

"ती भट्टी बार्बोतांने भाड्याने घेतलीय," ते शेवटी म्हणाले. "जुन्या वस्तू विकतो तो. त्याचे गोळे रिकामे असतात, मला त्याने स्वतः सांगितलंय."

"पण आजोबा, मे महिन्यात तुम्ही नांगरताना निघालेले तीन गोळे बांधावर ठेवले होते," गास्पार म्हणाला. "बॉम्बनाशक पथक ते न्यायला आलं, तेव्हा तिथे काहीच नव्हतं. तुम्हीच सांगितलंत!"

"पुरे! चाळीस वर्षांचा शेजार आहे आमचा. वास आला म्हणून कुणाला चोर म्हणायचं नाही. त्या भट्टीकडे फिरकायचं नाही आणि गावात ब्र काढायचा नाही. कळलं?"

तिघांनी मान डोलावली. पण शुक्रवारी पावाच्या दुकानात इद्रिसने पाटी वाचली. रविवारी चौकात जुना बाजार भरणार होता आणि बार्बोतां 'युद्धातल्या दुर्मीळ वस्तू' मांडणार होता!

"चौकात! तिथे तर बाबागाड्या घेऊन लोक येतात," इद्रिस म्हणाला.

शनिवारी सकाळी आजोबा गोठ्यात असताना गास्पारने पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या बाईंनी एकदाही त्याचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. "पथक तासाभरात येईल," त्या म्हणाल्या. "तुम्ही जवळ जाऊ नका. आणि काहीही हलवू देऊ नका, अगदी काहीही."

तो फोन ठेवतो न ठेवतो, तोच खिडकीपाशी उभी असलेली सिदोनी किंचाळली, "दादा, बार्बोतांची गाडी! भट्टीकडेच चाललीय!"

भट्टीकडे जायला शेताला लागून एकच अरुंद रस्ता होता, दोन्ही बाजूंनी दाट कुंपण असलेला. त्याला अडवायचं कसं? गास्पारने इकडेतिकडे पाहिलं. धारा काढून झालेल्या गायी फाटकाशी उभ्या होत्या.

"इद्रिस, फाटक उघड!"

"सगळ्या?"

"सगळ्या!"

पाहता पाहता चाळीस गायी रस्त्यात उतरल्या आणि कुंपणाचा पाला चघळत निवांत उभ्या राहिल्या. बार्बोतांची गाडी कचकन थांबली.

"अरे ए कार्ट्यांनो! हटवा ही जनावरं!" तो खाली उतरून ओरडला.

"हटत नाहीत हो काका!" इद्रिस गायींच्या पलीकडून ओरडला. "शहरातला मुलगा मी, मला येत नाही!"

"तुझ्या आजोबांना बोलाव, गास्पार! नाहीतर एकेकाला बघतो!" बार्बोतांने मूठ उगारली. बाही मागे सरकली.

सिदोनी कुंपणावर चढली होती. तिने त्याच्या मनगटाकडे बोट दाखवलं. "काका, तुमच्या हातावर पिपसारखेच फोड आलेत."

"खाजकुयली लागलीय. पिप कोण?"

"आमचा कुत्रा. तो तुमच्या भट्टीत गेला होता. तो बुधवारी मेला."

बार्बोतांची मूठ हळूहळू खाली आली. त्याने मनगट डोळ्यांजवळ नेलं. काल त्याने गोळे पुसून चकचकीत केले होते. तो गाडीला टेकून मटकन खाली बसला.

आरडाओरडा ऐकून आजोबा धावत आले. त्यांनी बार्बोतांचा हात पाहिला आणि घाईघाईने गायी फाटकात हाकल्या. थोड्या वेळाने पथकाच्या गाड्या आल्या.

संध्याकाळपर्यंत भट्टीतून तेवीस गोळे निघाले. दोनांत वायू होता, चार अजून फुटू शकत होते. मुलांना साबणाने अंघोळ घालून तपासण्यात आलं. त्यांना काही झालं नव्हतं. बार्बोतांचा हात वाचला, पण दोन बोटं गेली. इस्पितळात त्याने सगळं कबूल केलं. गोळे त्याने शेतकऱ्यांच्या बांधांवरूनच उचलले होते.

रविवारी बाजार भरलाच नाही. तरी सगळं गाव चौकात जमलं होतं. पथकाच्या प्रमुख देल्फीनबाई मुलांसमोर उभ्या राहिल्या. "तुम्ही हात लावला नाहीत, पळालात आणि फोन केलात," त्या म्हणाल्या. "हे मोठ्या माणसांनाही जमत नाही. आज इथे शंभर माणसं उभी आहेत, ती या तिघांमुळे."

टाळ्या वाजायच्या आत फिर्मां आजोबा पुढे आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"या मुलांनी मला गुरुवारीच सगळं सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी त्यांना गप्प बसवलं. शेजाऱ्याला वाईट वाटेल म्हणून. यांचं कौतुक तुम्ही करा. मला आज तो हक्क नाही."

कित्येक जण खाली मान घालून उभे होते. बांधावरून गोळे नाहीसे होताना त्यांनीही पाहिलं होतं.

सिदोनीने जाऊन आजोबांचा हात धरला. "आता आमचं ऐकाल ना?"

"ऐकेन गं, पोरी," आजोबा म्हणाले, आणि भर चौकात डोळे पुसू लागले.