चौदा कुंड्यांतली मेथी

“कोणी केलं हे? अक्षया, मी विचारतोय, कोणी केलं?”

लंडनजवळच्या पिनरमधल्या घरामागच्या बागेत मिलिंदराव काठीवर भार टाकून रागाने ओरडत होते. गुडघ्याचं ऑपरेशन, त्यात इन्फेक्शन, महिनाभर हॉस्पिटल... आज कुठे सुटका झाली होती! आल्या आल्या चहाचा घोटही न घेता ते थेट आपल्या काचेच्या पेटीपाशी गेले. आणि पेटीत काय? चौदा कुंड्यांमध्ये हिरवीगार, लुसलुशीत मेथी!

अक्षया, त्यांची सून, मागेच उभी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला अक्का दिसत होत्या. मिलिंदरावांच्या ब्याऐंशी वर्षांच्या थोरल्या बहीण. आई गेल्यावर सहा वर्षांच्या भावाला पोटच्या पोरासारखं वाढवणाऱ्या. सहा महिन्यांच्या व्हिसावर वाईहून आलेल्या त्या माउली भावाला आवडते म्हणून मेथी निवडत होत्या. कानाचं मशीन ओट्यावर काढून ठेवलेलं, ओठांवर गाणं!

“मी केलं, बाबा,” सून म्हणाली. “मला कुंड्या हव्या होत्या... घाईत लक्षात नाही आलं.”

“लक्षात नाही आलं? तुझ्या? अगं, लेबलं तू लिहिलीस ना?”

हो, तिनेच लिहिली होती! मिलिंदरावांचा हात कापू लागल्यापासून कुंडीत खोचायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पेन्सिलीने नावं लिहायचं काम अक्षयाचंच होतं. “शाई उडते, पोरी, पेन्सिल टिकते,” हे त्यांनीच तिला शिकवलेलं. क्रोकस म्हणजे केशराच्या फुलाची भावंडं. थंडी संपता संपता बर्फाला न जुमानता उगवणारी. त्यांच्या जंगली जाती मिलिंदरावांनी वीस वर्षं जमवल्या होत्या, त्याही बियांपासून. बी पेरल्यावर पहिलं फूल यायला चार-चार वर्षं! उन्हाळ्यात पानं वाळतात, कंद मातीत झोपतात, थेंबभर पाणी घालायचं नाही. आणि नवख्याला वाटावं, इतक्या कुंड्या या माणसाने रिकाम्या कशाला ठेवल्यात?

अक्कांना तेच वाटलं, आणि हॉस्पिटलच्या फेऱ्यांत अक्षया तिकडे फिरकलीच नव्हती. आदल्या संध्याकाळी मेथीची टोपली घेऊन त्या कौतुकाने म्हणाल्या होत्या, “मिल्याला घरची भाजी गं! किती कुंड्या नुसत्या पडल्या होत्या!” तेव्हाच अक्षयाच्या काळजात चर्र झालं. आतल्या मातीचं काय केलं, एवढंच तिने विचारलं. “ती टाकली की तेव्हाच,” अक्का म्हणाल्या. म्हणजे कचऱ्याच्या बिनमधून कौन्सिलच्या कचरागाडीत, कधीच! याहून जास्त विचारायचा तिला धीर झाला नाही. म्हातारीला संशय आला असता.

आणि त्या चौदांतली एक कुंडी अनुराधाबाईंची होती... अक्षयाच्या सासूबाईंची. आजारपणात, शेवटच्या शरदात त्यांनी स्वतःच्या हाताने पेरलेलं बी. “फूल बघायला मी नसेन, तुम्ही बघा हं,” असं हसत म्हणून त्या गेल्या. येत्या फेब्रुवारीत ते पहिलं फूल उमलणार होतं!

“अनूची कुंडीसुद्धा?” मिलिंदरावांनी विचारलं. अक्षयाने मान खाली घातली.

त्या दिवशी त्यांनी मेथीला हात लावला नाही. “ऑपरेशनने तोंडाची चव गेली असेल,” असं म्हणत अक्का बिचाऱ्या हळहळल्या.

ऑगस्टात अक्का वाईला परतल्या आणि घरातलं बोलणंही जणू त्यांच्याबरोबर गेलं. “चहा ठेवलाय, बाबा.” “हं.” बस्स! बेसिंगस्टोकच्या ऑफिसातून थकून येणारा तिचा नवरा वरद दोघांची तोंडं बघून म्हणायचा, “अरे, एवढी काय फुलांची कटकट? नवीन आणू ना!” यावर दोघंही त्याच्याकडे असं बघायचे की तो मुकाट्याने ताट घेऊन टीव्हीसमोर जायचा. उरलेल्या कुंड्यांच्या पट्ट्या आता मिलिंदराव स्वतः लिहीत. वेडीवाकडी, कापरी अक्षरं. ती बघून अक्षयाला भडभडून येई. खरं सांगून टाकावं, असं किती वेळा ओठांवर आलं! पण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर अक्कांचा चेहरा दिसे, “मिल्या, जेवतोस ना रे नीट?” हा प्रश्न येई, आणि ती शब्द गिळून टाके.

फेब्रुवारी आला. तिसऱ्या रविवारी सकाळी अक्षया पक्ष्यांना दाणे घालायला बाहेर पडली आणि सफरचंदाच्या झाडाखाली थबकली. गवतात काही पाती वेगळी होती... बारीक, गर्द हिरवी, प्रत्येकाच्या मधोमध एक पांढरी रेघ. ती रेघ! ती तर क्रोकसचीच! आणि पात्यांमधून वर आलेल्या मिटलेल्या कळ्या... पाच, दहा, अगं बाई, मोजू तरी किती!

“बाबा! बाबा, लवकर या!”

सात महिन्यांत पहिल्यांदाच तिने त्यांना अशी हाक मारली होती. मिलिंदराव स्लिपर्सवरच धावत आले. त्याच क्षणी ढग सरकला, ऊन पडलं, आणि बघता बघता कळ्या उमलू लागल्या. जांभळ्या, पिवळ्या, दुधी... ऑपरेशन झालेला गुडघा विसरून म्हातारा ओल्या गवतात खाली बसला.

“हा सीबरी... हा टॉमी...” एकेका जातीचं नाव घेता घेता ते थांबले. “आणि हे?” बाहेरून फिकट निळं, आतून शुभ्र, गळ्याशी केशरी. “हे माझ्याकडे नव्हतं. हे कुणाकडेच नाही, बियांतून आलेलं नवंच आहे! अक्षया... हे अनूचं गं!”

इतक्यात अक्षयाच्या खिशातला फोन वाजला. रविवार! पडद्यावर अक्का.

“काय गं, बागेत का?” आणि फुलं दिसताच त्या टाळ्या पिटत ओरडल्या, “अगं बया, उगवले की! मिल्या, मेथी पेरायला तुझ्या कुंड्या उपसल्या ना मी, त्या मातीत बोराएवढे कांदे निघाले बघ. माती दिली टाकून, पण कांदे जिवंत लागले हाताला. जिवंत कांदा फेकवतो का कधी? पुरले झाडाखाली. पाणी नाही घातलं हो, म्हटलं कुजतील!”

मिलिंदरावांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच विनवलं... नका, बाबा, त्यांना नका सांगू!

“का रे गप्प? काही चुकलं का माझं?”

मिलिंदराव हसले, मोकळं, पोरासारखं. “काही नाही गं अक्का. तुझा हातगुणच मोठा! तू लावलेस म्हणून तर एवढे फुलले.”

“मग! मला काय सांगतोस!” अक्का खूश!

फोन बंद झाला आणि त्यांचा बांध फुटला. “का गं पोरी? सात महिने मी तुझ्याशी धड बोललो नाही... एकदा तरी सांगायचंस!”

“सांगून काय झालं असतं, बाबा? तुम्ही रागावलात तरी मी इथेच होते, आज ना उद्या राग गेला असता. त्या मात्र हा सल घेऊन विमानात बसल्या असत्या. तुम्हाला वाढवलंय हो त्यांनी...”

“मी आंधळा!” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “डॉक्टरकीत जन्म गेला, अन् घरातल्या माणसाचं दुखणं ओळखता आलं नाही. क्षमा कर गं मला.”

“क्षमा कसली मागता, बाबा? उठा आधी, गुडघा भिजतोय!”

दोघंही रडता रडता हसले. मिलिंदरावांनी खिशातून पांढरी पट्टी आणि पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. “घे. अनूच्या फुलाची पट्टी. पेरलं, अनुराधा. लावलं, अक्का. लिही.”

तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग पेन्सिल त्यांनीच मागून घेतली, आणि जिभेचं टोक दातांत धरून, कापऱ्या हाताने, तिसरी ओळ स्वतः लिहिली : राखलं, अक्षया.

पट्टी गवतात खोचून ते तिच्या खांद्याचा आधार घेत उठले आणि आत जाता जाता म्हणाले, “अक्षया, फ्रीझरमध्ये मेथी आहे का गं? आज खावीशी वाटतेय.”