तिसऱ्या मजल्यावरचा गार रेडिएटर

ऑक्टोबरमधल्या त्या दुपारी मी माझ्या खोलीतल्या रेडिएटरला लाकडी हातोडीने ठोकत होते. रागाने नाही... बरं, थोडं रागानेच.

सगळ्या इमारतीत घरं तापवायला रेडिएटरमधून गरम पाणी सुटून पाच दिवस झाले होते. शेजारचे लोक तर उकडतंय म्हणून खिडक्या किलकिल्या ठेवायला लागले होते. माझं स्वयंपाकघर गरम, न्हाणीघर गरम. आणि नेमकी ज्या खोलीत मी पुस्तकं बांधते, ती थंडगार! सरस वाळेना. कागद दमट लागायला लागले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाची बारा जुनी पुस्तकं महिनाअखेर बांधून द्यायची होती. सोसायटीच्या माणसाने फोनवर सांगितलं, "दोन आठवडे तरी लागतील, बाई." दुसरी कुणी भांडली असती. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि हातोडी उचलली.

ठण. ठण. ठण.

आणि खालून उत्तर आलं. ठण! ठण! ठण!

मी हातोडी पाठीमागे लपवली, जणू कुणी बघतच होतं. पाच मिनिटांत दारावर थाप पडली. दारात एक उंच तरुण उभा होता. केस एका बाजूने चपटे झालेले, अंगात उलटा घातलेला स्वेटर.

"नमस्कार. तुम्ही लोहारकाम करता का?"

"पुस्तकं बांधते."

"लोखंडाची?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. "माफ करा. दुपारी कुणी झोपलेलं असेल, असं वाटलं नाही."

"मी झोपतो. म्हणजे... झोपायचो." त्याने डोळे चोळले. "कायेतान. तुमच्याच खालच्या मजल्यावर राहतो, ताईच्या घरात. ती नॉर्वेला असते. मी ट्राम चालवतो, पहाटे चारला उठतो."

"मी बोग्ना. माझा रेडिएटर तापत नाहीये."

"आणि मारल्यावर तापतो?"

"अजून तरी नाही."

त्याने बूट दाराशी काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता, तो त्याने दुसऱ्या पायाखाली लपवायचा प्रयत्न केला. मी न पाहिल्यासारखं केलं.

तो रेडिएटरपाशी गुडघ्यांवर बसला. आधी भिंतीतून येणाऱ्या नळीवर हात ठेवला, मग रेडिएटरवर. "इथे हात लावून बघा."

मी लावला. नळी चांगली कढत होती. एका टीचभर नळीवर आमचे दोन हात... मी माझा काढून घेतला.

"पाणी दारापर्यंत आलंय," तो म्हणाला, "पण आत यायला लाजतंय."

"लाजत नसेल. कुणी 'आत या' म्हटलं नसेल."

हे मी का बोलले, कोण जाणे! त्याने वळून पाहिलं. त्याचे डोळे करडे होते, झोपेने थोडे लाल.

"आत हवा अडकली असणार," तो एकदम मोठ्या अनुभवी माणसासारखा म्हणाला. खिशातून एक लहानशी चावी काढून त्याने रेडिएटरच्या वरच्या टोकाचा स्क्रू फिरवला. हवेचा फुसकारा यायला हवा होता. आली ती काळ्या पाण्याची पिचकारी! त्याच्या स्वेटरवर, भिंतीवर आणि टेबलावर उघड्या पडलेल्या, अर्ध्या शिवलेल्या पुस्तकावर.

त्याने घाईघाईने स्क्रू आवळला. मग तो रुमालासाठी खिसे चाचपू लागला.

"माझं... मी..."

"तुम्ही जा," मी हळूच म्हणाले.

"मी पुसून देतो."

"हात लावू नका. जा फक्त."

तो बूट हातात घेऊनच जिना उतरला.

नशीब माझं, छापील पानांना काही झालं नव्हतं. पुढचे दोन कोरे कागद तेवढे वाया गेले. ते बदलायला मला दुसऱ्या दिवशीची सारी सकाळ लागली, आणि सकाळभर मी मनात त्याला बोलत होते. गंमत म्हणजे, दुपार होता होता मी त्याच्याशी भांडत नव्हते, नुसतीच बोलत होते.

तीन वाजता पुन्हा थाप पडली. एका हातात सफरचंदाचा केक, दुसऱ्या हातात पकड, काखेत जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. या वेळी मोजे नवे होते.

"केक माफीचा आहे," तो म्हणाला. "आणि कालचं सगळं चुकीचं होतं. डेपोतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारून आलोय. तो इतका हसला, की त्याला बसावं लागलं."

"म्हणजे काल तुम्हाला काहीच येत नव्हतं?"

"काल मला तुमच्यासमोर 'येत नाही' म्हणायचं नव्हतं."

मी त्याला आत घेतलं.

त्याने आधी टेबलावरचं प्रत्येक पुस्तक उचलून पलीकडच्या खोलीत नेलं. अगदी झोपलेलं मांजर उचलावं तसं, दोन्ही हातांनी. जमिनीवर कागद पसरले. मग रेडिएटरच्या कोपऱ्यातला, आकडे लिहिलेला नॉब काढला. त्याच्याखाली पितळेच्या भोकात एक बारीक पिन होती, पार आत रुतून बसलेली.

"उन्हाळाभर बंद राहिली की ही अशी अडकते. आपण वरून नॉब फिरवत राहतो, पण ही जागची हलत नाही, मग पाण्याचा रस्ता बंदच." त्याने पकडीने प्रयत्न केला. पकड दोनदा सटकली. "माझी बोटं जाड आहेत. तुमचे हात द्या. म्हणजे... कामासाठी."

माझ्याकडे चामडं ओढायची बारीक पकड होती. मी त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. तो अगदी हळू बोलत होता, त्याचा श्वास माझ्या कानाशी येत होता.

"ओढू नका हं, नाहीतर इथे तळं होईल. नुसती हलवा. हां... आता तेलाचा एक थेंब. आता दाबा... आणि सोडा."

दाबलं, सोडलं. दाबलं, सोडलं. दहाव्यांदा की पंधराव्यांदा कुठेतरी टक्‌ झालं आणि पिन टुणकन वर आली. आत पाणी खळखळलं.

"बघ! अरे बघ, आली वर!" मी त्याची बाहीच धरली.

तो पिनेकडे बघत नव्हता. "तुम्ही मला आत्ता 'बघ' म्हणालात."

"चुकून आलं तोंडातून."

"मग ती चूक राहू दे. बोग्ना?"

"काय?"

"काही नाही. नुसतं नाव घेऊन पाहिलं."

रेडिएटर वरून कोमट झाला, मग मधोमध, मग खालपर्यंत. आम्ही दोघं त्याला पाठ टेकून जमिनीवर बसलो आणि तो अख्खा केक संपवला.

त्यानंतर तो एक दिवसाआड येऊ लागला, "तपासायला" म्हणून. मी शिवत असले की पानं धरून बसायचा. ट्राममधल्या गोष्टी सांगायचा – पुलावर धुकं इतकं दाटतं, की खालची विस्तुला नदी दिसत नाही, नुसती ऐकू येते. एक आजी रोज त्याला नाव विचारते आणि रोज विसरते. मी बाराही पुस्तकं वेळेआधी पुरी केली आणि ती पोचवायचं मात्र पुढे ढकलत राहिले.

मग एका दुपारी तो पानं धरता धरता म्हणाला, "ताई परत येतेय. सगळ्या संतांच्या सणाला, कायमची. मला घर सोडावं लागेल." थोडं थांबून, "ग्दान्स्कला ट्रामवर जागा आहे म्हणतात. पगार बरा आहे. जाऊ का?"

माझी सुई थांबली. घशाशी 'नको' आलं होतं, अगदी स्पष्ट. पण मला कधी कुणाकडे काही मागता आलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, तो दुसऱ्या शहरात गेला, तेव्हाही मी त्याची बॅग भरून दिली होती.

"चांगलं शहर आहे," मी म्हणाले. "समुद्र आहे."

"हो," तो म्हणाला. "समुद्र आहे." आणि पानं हळूच खाली ठेवली.

तो आला नाही. एक दिवस नाही, चार दिवस नाही. खोली छान उबदार होती आणि मला तिच्यात बसवत नव्हतं. पाचव्या दिवशी मी उठले, रेडिएटरचा नॉब फिरवून शून्यावर आणला, तो पुरता गार होईपर्यंत वाट पाहिली आणि खाली गेले. पहिल्यांदाच. त्याच्या दारात खोकी बांधून ठेवलेली होती.

"रेडिएटर गार पडलाय," मी म्हणाले.

तो पकड घेऊन वर आला. नळीवर हात ठेवला. रेडिएटरवर ठेवला. मग नॉबकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिला.

"हा बंद आहे, बोग्ना."

"हो."

"कुणी केला?"

"मीच."

"का?"

"तुला वर आणायचं होतं. दुसरं काही सुचलं नाही."

"'वर ये' म्हणाली असतीस, तर आलो असतो."

"तेच मला जमत नाही!" माझा आवाज फाटला. "पण आज म्हणते. जाऊ नकोस, कायेतान. ग्दान्स्क चांगलं असेल, असू दे. मला तू... मला तू इथे हवा आहेस."

तो टाचांवर बसला होता, तसाच राहिला. पकड त्याने जमिनीवर ठेवली, अजिबात आवाज न करता.

"मी त्या दिवशी विचारलं कशासाठी होतं? तू 'नको' म्हणशील म्हणूनच ना! आणि तू मला समुद्र दाखवलास."

"तिथल्या नोकरीच्या कागदांवर सही केलीस?"

"येत्या सोमवारी करायची होती." त्याने मान हलवली. "नाही करणार. इथल्या डेपोत अजून राजीनामा दिलेला नाही. पण राहू कुठे? ताई शुक्रवारी येतेय."

"शहरात राहा म्हटलं मी. माझ्या घरात नाही..." आणि मग जीभ घसरली. "अजून."

"अजून?"

माझे कान तापले. तो उठला, अगदी माझ्यासमोर येऊन उभा राहिला, आणि सरसाने खरखरीत झालेली माझी बोटं त्याने एकेक करून आपल्या हातात घेतली.

थोड्या वेळाने तो स्वयंपाकघरात गेला. किटली भरल्याचा, काडी ओढल्याचा आवाज आला.

"साखर कुठे ठेवतेस?"

"वरच्या फळीवर. डावीकडे."

"डावीकडे," त्याने पुन्हा म्हटलं, सावकाश. "लक्षात ठेवतो."