दोन बोल्ट आणि केसांचं रबर

चिर्र… चिर्र… चिर्र…

सायकल दिसायच्या आधी तिचा आवाज आला. लाखनीच्या हायवेवरच्या दुकानापुढे मोटरसायकलची चेन लावत बसलेल्या योगेंद्रने मान वर केली.

"ओ मॅडम! थांबा जरा. चाक रडून राहिलं तुमचं."

"रडू द्या, मिस्त्री. मले घाई आहे," रक्षा म्हणाली… पण थांबली.

घाई खरीच होती. रविवारी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, जंगलात उतरून तिथेच परतणारी जिल्ह्याची सायकल शर्यत होती. पहिली येईल ती राज्याच्या स्पर्धेला जाणार. आणि बाबांनी बजावलं होतं — यंदा निवड झाली तर चालव, नाही तर सायकल ठेवून दे.

योगेंद्रने मागचं चाक उचलून फिरवलं आणि ब्रेकच्या मागे पांढरा कागद धरला. "वाका. पाहा. ही डिस्क दोन पॅडांच्या मधून, कोणालेच न लागता गेली पाहिजे. डावीकडे उजेड दिसते?"

"दिसते."

"उजवीकडे?"

"…नाही."

"तिकडेच घासून राहिली."

दोघांची डोकी इतकी जवळ आली होती की तिच्या केसांत अडकलेली भाताच्या तणशीची काडी त्याला दिसली. ती काढावीशी वाटली. त्याने पाना उचलला.

"हे दोन बोल्ट थोडे ढिले केले. आता ब्रेक दाबून धरा, सोडू नका. पॅड डिस्कले पकडतात, अन् ब्रेक आपली जागा आपणच शोधते. मग एकदा हा बोल्ट आवळायचा, एकदा तो. थोडा-थोडा."

चाक फिरलं. आवाज नाही. रक्षा हसली, तेवढ्यात त्याने दोन्ही बोल्ट पुन्हा ढिले केले.

"बाप्पा! काहून?"

"आता तुम्ही करा. जंगलात मी थोडीच राहणार आहे?"

"माहे हात दोनच आहेत! पुढे ब्रेकची दांडी धरू का मागे पाना?"

"एकटं असलं की ब्रेकच्या दांडीले रबर गुंडाळायचं. ते दाबून धरते."

तिसऱ्या खेपेला तिला जमलं. तिने धन्यवाद दिले, आणि निघताना उगाच दोनदा मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सायकल पुन्हा चिरचिरत आली. तिसऱ्या दिवशीही.

"मॅडम," योगेंद्र वाकून म्हणाला, "हा बोल्ट आपोआप ढिला नाही होत."

"होत असन. रस्ता खराब आहे."

"याच्यावर पान्याची खूण आहे."

रक्षा समोरून जाणाऱ्या ट्रककडे फार लक्ष देऊन पाहू लागली. "रस्ताच खराब आहे," ती ठामपणे म्हणाली.

"हो… लयच खराब," तो म्हणाला. "राहू दे बापा असाच."

रविवारी सकाळी पाळीवर गर्दी होती. आदल्या दिवशीही तिने बोल्ट ढिला करून ठेवला होता. योगेंद्र येणार होता, तेवढंच बोलणं होईल. पण टेम्पोतून सायकल उतरवली तर आवाजच नाही. तिने ब्रेक दाबला. चाक थांबेना! डिस्क तुकतुकीत चमकत होती.

"झाला नं बंद आवाज?" बाबा मागून अभिमानाने म्हणाले. "अंगणात करकरत होती. म्हटलं, बैलबंडीच्या चाकाले देतो तसं जवसाचं तेल देऊन टाकावं."

बाबांना काय बोलणार? जे करकरतं त्याला तेल, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता.

योगेंद्र धावत आला, तसा पंचांनी हात आडवा केला. "नंबर लागलेल्या सायकलीला दुसऱ्याने हात लावला, तर खेळाडू बाद. दहा मिनिटं उरलीत."

योगेंद्रने खिशातून नवे पॅड काढून तिच्या हातावर ठेवले. "जुने पॅड तेल प्यायले. ते आता धरत नाहीत."

"हे कुठून आणले?"

"तीन दिवसांपासून खिशात आहेत. द्यायले कारण सापडत नव्हतं."

"मले सापडत होतं," ती खाली बघत म्हणाली. "बोल्ट… मीच ढिला करत होती."

"माहीत होतं."

"मग बोलला काहून नाही?"

"बोललो असतो तर तू आली नसती."

तू! पण लाजायला वेळ कुठे होता? प्रथमोपचाराच्या पेटीतून तिने स्पिरिट मागून घेतलं आणि कापड कोरं निघेपर्यंत डिस्क पुसली. जुने पॅड काढले, नवे बसवले. दोन्ही बोल्ट ढिले. आता ब्रेक कोण धरणार?

योगेंद्रने हात पाठीमागे बांधून घेतले होते.

तिने केसांचं रबर ओढून काढलं आणि ब्रेकच्या दांडीला गुंडाळलं. केस खांद्यावर आले. योगेंद्र काहीतरी सांगणार होता… ते तो विसरला. एकदा हा बोल्ट, एकदा तो. थोडा-थोडा. रबर सोडलं. चाक फिरवलं.

आवाज नाही.

"नवे आहेत," त्याला एकदम आठवलं. "चालवत पंधरा-वीस वेळा दाब, मग धरतील!"

तिने पाळीवर चार चकरा मारत ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. रबर त्याच्याकडे फेकून ती रांगेत शिरली. "सांभाळ. आल्यावर घेईन."

जंगलाच्या उतारावर ती तिसरी होती. पुढच्या दोघींनी वळणाच्या खूप आधी वेग कमी केला. रक्षाने केला नाही. तो ब्रेक तिने स्वतःच्या हातांनी बसवला होता. किती उशिरा दाबला तरी तो धरेल, हे तिला माहीत होतं. वळणाच्या तोंडाशी तिने दाबला, वळली, आणि पुढे कोणीच उरलं नाही.

"माही पोरगी!" बाबा पाळीवर नाचत ओरडत होते. "पहिली आली! तेल मीनं देल्लं होतं!"

रक्षा हसता हसता त्यांच्या गळ्यात पडली. "हो बाबा. पण राज्याच्या वेळी नका देऊ."

मग ती योगेंद्रपुढे येऊन उभी राहिली. केस अजून मोकळेच. "माहं रबर?"

"नाही देत," तो म्हणाला. "आता सायकल दुरुस्त झाली. तुले यायले काही तर कारण पाहिजे."

रक्षाने मागचं चाक उचलून फिरवलं. दोघांनी ऐकलं. ते कुठेच घासत नव्हतं.

"सायकल घरीच राहू दे," ती म्हणाली. "उद्या मी येते."