तांबूचे डॉक्टर, अण्णांचा टॅबलेट

डॉक्टर आमच्याकडे आले ते तांबूसाठी. तांबू म्हणजे आमची गाय. तिनं चारा टाकला होता, रवंथ बंद, डोळ्यांना पाणी. आईनं पोलादपूरला गुरांच्या दवाखान्यात निरोप धाडला आणि दुपारी कापडे गावाच्या वळणावरून चिखलानं माखलेली एक मोटारसायकल खाली उतरली. मला वाटलं होतं, कुणी पोक्त गृहस्थ असतील. हे माझ्याच वयाचे निघाले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्याला पिशवी, आणि गोठ्यात शिरताना आधी तांबूशी बोलणारे. मला नमस्कार मागाहून.

तपासून झाल्यावर मी त्यांच्या हातांवर पाणी घातलं. तेवढ्यात आईनं ओटीवरून टॅबलेट आणला आणि त्यांच्या ओल्या हातांसमोर धरला.

“डॉक्टर, ह्याला पण बघा जरा. नेट धरत नाय.”

“आई, ते गुरांचे डॉक्टर आहेत.”

“शिकलेले हायत ना?”

डॉक्टरांनी हात पुसले. टॅबलेट उलटा केला, पाठीवरून बोट फिरवलं आणि गंभीरपणे मला विचारलं, “खातोय का?”

“चार्जिंग घेतो.”

“मग पचनाचं दिसतंय.”

मी हसले. त्या घरात वैशाखानंतर मी हसले नव्हते. आई चहा ठेवायला आत निघाली होती... दारात क्षणभर थबकली आणि मग गेली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वैशाखात गेले. वळवाचा पाऊस, विजांचा थयथयाट, त्या रात्री ते नेहमीसारखे झोपले आणि सकाळी उठले नाहीत. मी पुण्याला एका ग्रंथालयात काम करते. रजा वाढवत वाढवत दिवाळीपर्यंत आणली होती. आई पुण्याला यायला तयार नव्हती. तांबूला कोण बघेल, हा तिचा एकच मुद्दा. शेवटी मी अट घातली : रोज संध्याकाळी तिनं अण्णांच्या टॅबलेटवर मला तोंड दाखवायचं. टॅबलेट सुरू झाला की मी पुण्याला जाणार, असं ठरलं.

हे सगळं मी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी, चहाचा कप त्यांच्या हातात देताना सांगून टाकलं. का, कोण जाणे.

त्यांचं नाव रितेश. तांबू दोनेक दिवसांत खायला लागली, पण डॉक्टर येतच राहिले. आंबेनळी घाटाकडच्या वरच्या वाड्यांवर लसीकरण चालू आहे, वाटेत घर लागतं, म्हणून. घर वाटेत लागत नव्हतं. आमच्याकडे यायचं तर नदीपाशी गाडी मुद्दाम वळवावी लागते. ते मी बोलून दाखवलं नाही, त्यांनीही नाही.

ओटीवर मांडी घालून ते टॅबलेट बंद करत, पुन्हा चालू करत. यादीतून आमचं नेट काढून टाकत, पुन्हा जोडत. नेटची एक बारीक रेघ उमटायची आणि विझायची. एकदा त्यांनी पासवर्ड विचारला.

“तांबूअनू,” मी म्हणाले. “अण्णांनीच ठेवलेला.”

“आधी तिचं नाव?”

“ती रोज दूध देते. मी महिन्यातून एकदा यायचे.”

“आता तर रोज आहात...” ते पडद्याकडे बघत म्हणाले, “क्रम बदलायला हरकत नाही.”

मी उठून उगाच तुळशीला पाणी घालून आले. सकाळीच घातलं होतं.

एक गोष्ट मात्र मला त्यांच्यात पहिल्यापासून आवडली. ते खोटं बोलत नसत. शेजारच्या गोमाजीकाकांची म्हैस वाचणार नाही, हे त्यांनी काकांच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं आणि मग संध्याकाळपर्यंत त्यांच्याबरोबर गोठ्यात बसून राहिले होते.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला त्यांनी सहज विचारलं, “नेटचा डबा कुठे आहे?”

“आत. अण्णांच्या खोलीत.”

“बघितलात?”

मी बंद दाराकडे पाहिलं. “आई झाडायला जाते रोज. सगळं आहे तसं आहे म्हणते.”

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि कप उचलला. “काकी, आलं मस्त उतरलंय,” आतल्या दिशेनं म्हणाले. त्या खोलीबद्दल त्यांनी पुन्हा विचारलं नाही. वैशाखापासून मी तो उंबरा ओलांडलेला नाही, हे मी सांगितलं नव्हतं. त्यांना कळलं होतं.

मग परतीचा पाऊस आला. भात पिवळं पडत चाललेलं, दिवसभर ऊन, आणि संध्याकाळी डोंगरामागून काळं आभाळ. डॉक्टर ओटीवर होते. पहिली वीज चमकली तशी आईनं कोयता अंगणात फेकला, पितळी हंडा आत घेतला आणि भिंतीवरच्या आरशावर घोंगडी टाकली. विजेला चकाकतं ते दिसतं, असं आमच्याकडे मानतात. अण्णांचा तर या बाबतीत फार कटाक्ष.

डॉक्टर निमूट उठले, अंगणात गेले आणि मोटारसायकलच्या एका आरशावर रुमाल, दुसऱ्यावर पायमोजा चढवून परत आले.

“तुम्ही मानता हे?” मी विचारलं.

“काकी मानतात.”

मी हसता हसता थांबले. झाकलेल्या आरशाकडे बघत राहिले.

“आई, त्या रात्री अण्णांनी काय काय झाकलेलं?”

आईचे हात थांबले. “सगळंच. आरसा, हंडा... आणि तो नेटचा डबा. लुकलुकतो ना तो. घमेलं पालथं घातलेलं त्याच्यावर.”

“मग?”

“मग काय गो. त्यांनी घातलेलं. मी नाय काढलं.”

असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

विजा ओसरेपर्यंत मी बसून राहिले. मग उठले. डॉक्टरही उठले. “मी येऊ?”

“उंबऱ्यापर्यंत या.”

खोलीत बामाचा वास अजून होता. खाटेवर घडी घातलेली गोधडी, उशाशी चष्मा. ट्रंकेवर लोखंडी घमेलं पालथं, कडेला शेतातली माती वाळून धरलेली. मी ते उचललं. खाली हिरवे दिवे लुकलुकत होते. सगळा पावसाळा ते तसेच लुकलुकत राहिले असणार, अंधारात, कुणी बघत नसताना.

घमेलं पोटाशी धरून मी उभी राहिले. डॉक्टर आत आले नाहीत. फक्त म्हणाले, “सावकाश...” तांबूला सुई टोचताना म्हणायचे, अगदी त्याच आवाजात.

बाहेर ओटीवर टॅबलेट वाजला. मग पुन्हा, मग एकसारखा. महिन्यांचे अडलेले निरोप एकदम येत होते.

“तुम्हाला ठाऊक होतं,” मी डोळे पुसून म्हणाले.

“घमेल्याचं नाही. पण माझा फोनसुद्धा तुमचं नेट पकडत नव्हता. म्हणजे टॅबलेटला काही झालेलं नव्हतं. जे होतं ते या खोलीत.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्हाला आत यावंसं वाटेल तेव्हा याल, म्हटलं.” ते थोडे घुटमळले. “आणि हा चालू झाला की तुम्ही जाणार होता.”

“तुम्हाला मी जायला नको आहे?”

“मी कोण सांगणार...”

“सांगून तर बघा.”

त्यांनी चौकटीवर हात ठेवला. तांबूच्या पाठीवर ठेवायचे तसा, अलगद.

“जाऊ नका, अनुपमा.”

माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते.

“जावं तर लागेल,” मी म्हणाले. “दिवाळीनंतर. पण दर शनिवारी पोलादपूरला उतरेन. तिथून इथवर कुणी आणणारं असेल तर...”

“लसीकरण असतं शनिवारी,” ते म्हणाले. “वाटेतच पडतं.”

“ते कधीच संपत नाही का?”

“या घरचं नाही संपत.”

विजा आंबेनळीपलीकडे गेल्या होत्या. खिडकीतून निवळलेलं आभाळ दिसत होतं, गोठ्यावर एक चांदणीही. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि हातातलं घमेलं हळूच पुन्हा डब्यावर पालथं घातलं. ओटीवरचा टॅबलेट गप्प झाला.

“अजून चमकतंय,” मी म्हणाले.

त्यांनी चांदणीकडे पाहिलं. “हो. बरंच.”

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. “झाला का गो चालू?”

गोमाजीकाकांच्या डोळ्यांत बघून खरं सांगणारा तो माणूस कानांपर्यंत लाल झाला.

“नाही, काकी,” तो म्हणाला. “उद्या परत यावं लागेल.”

आत भांडी वाजायची थांबली. मग आई म्हणाली, “या की. पण उद्या ते घमेलं तेवढं बाहेर काढून ठेवा. शेण भरायला लागतं मला.”