चोवीस झोक्यांचं मिनिट

एका मिनिटात साठ झोके यायला हवे होते. आले फक्त चोवीस.

मृदाने पुन्हा मोजले. भिंतीवरच्या घड्याळात मिनिट सुरू झालं तसं तिने कागदी माकड हलकेच बाजूला नेलं आणि सोडून दिलं. फळीच्या कडेला बांधलेल्या दोऱ्यावर माकड डावीकडून उजवीकडे गेलं, मग उजवीकडून डावीकडे आलं. अगदी सावकाश, झोप आल्यासारखं. मिनिट संपलं तेव्हा ती कशीबशी चोविसाव्या झोक्यापर्यंत पोचली होती.

"मी बिघडवलं," तिचा सहा वर्षांचा भाऊ ओजस म्हणाला. त्याने दोन्ही हात खिशात घातले आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

ही गोष्ट चंद्रावरची. मृदा आणि ओजस तीन महिन्यांपूर्वी आईबाबांबरोबर चंद्राच्या दक्षिण तळावर राहायला आले होते. आई, अन्विता गावंडे, भूवैज्ञानिक (खडक आणि मातीचा अभ्यास करणारी) होती. बाबा सध्या खोदकाम पथकाबरोबर लांबच्या तळावर गेले होते. घर म्हणजे जमिनीखालच्या दोन खोल्या. आत हवा होती, दिवे होते, कुंडीत मेथीसुद्धा होती.

दहा वर्षांच्या मृदाला इथे चालायची सवय लवकर झाली. ओजसला होईना. चंद्र आपल्याला पृथ्वीपेक्षा खूप कमी जोराने ओढतो. त्यामुळे अकोल्यात जेवढा जोर लावून खुर्चीवरून उठायचं, तेवढाच इथे लावला की माणूस उडून छताला धडकतो. ओजसच्या हातून पेले उडत, चमचे उडत. आणि गेल्या आठवड्यात तो स्वतःच उडून आईच्या टेबलावर आदळला होता. तिने आठ दिवस खपून वेगवेगळी केलेली सोळा प्रकारची धूळ एका क्षणात एक झाली. आई रागावली नाही. पण तिचा चेहरा त्याने पाहिला होता. तेव्हापासून तो हात खिशात ठेवून फिरे.

"माझे हात वाईट आहेत," असं त्याने ताईला एकदा सांगितलंही होतं.

म्हणून शुक्रवारी मालवाहू यानातून आजोबांची पेटी आली, तेव्हा मृदाला फार बरं वाटलं. तुषार आजोबा म्हणजे आईचे बाबा. अकोल्याच्या एका शाळेत ते प्रयोगशाळा परिचर होते. काचेची नळकांडी धुणं, चुंबक मोजून ठेवणं, मुलांच्या प्रयोगाची मांडामांड करणं, हे त्यांनी पस्तीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर ते मिठाईच्या रिकाम्या खोक्यांत मुलांसाठी प्रयोगांचं साहित्य भरून देऊ लागले. प्रत्येक खोक्यावर जाड अक्षरांत लिहिलेलं असे : खटपट पेटी.

या पेटीत होता सुती दोरा, सहा लोखंडी नट, पुठ्ठ्यातून कापायचं एक माकड, खडू, एक मोजपट्टी, दोन क्लिपा आणि आजोबांच्या अक्षरातला कागद. माकड रंगवा. त्याच्या पोटामागे एक नट चिकटवा. शेपटीला दोरा बांधा. दोरा टांगलेल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत नव्व्याण्णव सेंटिमीटर लांब ठेवा. झाला तुमचा लंबक (दोऱ्याला टांगलेली, झुलणारी वजनदार वस्तू). या टोकापासून त्या टोकापर्यंत एक झोका. माकड एका मिनिटात बरोबर साठ झोके घेईल. खाली वेगळ्या शाईने एक ओळ होती : रविवारी संध्याकाळी मी इकडे माझं माकड सोडतो, तुम्ही तिकडे तुमचं सोडा. साठापर्यंत बरोबर मोजू.

मृदाने गोड बोलून ओजसचे हात खिशातून बाहेर काढले होते. त्याने माकड निळं रंगवलं. जीभ बाहेर काढून, कडांवरून सांभाळत कापलं. गाठसुद्धा त्यानेच मारली. आणि आता हे चोवीस.

"अरे, तू काही बिघडवलं नाहीस," मृदा म्हणाली. पण का बिघडलं, ते तिलाही सांगता येईना. त्यामुळे तिचं बोलणं तिलाच पोकळ वाटलं.

शनिवारी सकाळी तिला अंथरुणातच सुचलं. "ओजू, ऊठ! इथे सगळ्याचं वजन कमी होतं ना? सहा भागांतला एकच भाग उरतो. म्हणजे आपलं माकड हलकं पडलंय. सहाही नट लावू, की झालं!"

ओजस हात लावायला तयार नव्हता. मृदाने एकटीनेच माकडाच्या पाठीवर बाकीचे पाच नट चिकटवले आणि घड्याळ बघत मोजलं.

चोवीस.

"काहीच फरक नाही?" तिचा विश्वास बसेना. मग तिने माकड जास्त लांब ओढून सोडलं. माकड मोठा झोका घेऊ लागलं, पण तेवढंच जोरातही जाऊ लागलं. मोजले तर पुन्हा साधारण चोवीसच.

आई कामाचे बूट घालून दारात उभी होती. तिने हे सगळं पाहिलं होतं.

"आई, सांग ना काय चुकतंय!"

"सांगेन. पण आधी एक बघ." आईने पाच नट सोडवून घेतले, एका चिकटपट्टीत गुंडाळले आणि उजव्या हातात धरले. डाव्या हातात माकडाचा एकटा नट धरला. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन तिने दोन्ही एकदम सोडले. चंद्रावर वस्तू रमतगमत पडतात, त्यामुळे नीट बघता आलं. दोन्ही बरोबरीने खाली आले आणि एकदमच टक् वाजले.

"जड ते आधी नाही पडलं?" ओजसने मान वळवून विचारलं. भिंतीकडे तोंड करून बसायचं तो विसरला होता.

"नाही. जड वस्तूला चंद्र जास्त जोराने ओढतो, खरं आहे. पण जड वस्तू हलायलाही तेवढीच आळशी असते. तिच्यात वस्तुमान (एखाद्या वस्तूत किती द्रव्य भरलंय ते) जास्त असतं ना. जास्त ओढ आणि जास्त आळस, हिशेब बरोबरीत सुटतो. माकडाचंही तसंच. एक नट लावा, नाहीतर सहा."

"मग उरलं काय?" मृदाने विचारलं.

"ते तुम्ही शोधा. मला उशीर होतोय." आईने ओजसच्या केसांतून हात फिरवला आणि ती गेली.

उरला होता दोरा. आखूड करून बघायला हवा होता. मृदाने कात्री उचलली आणि थांबली. आजोबांनी दोरा एकच पाठवला होता. जास्त कापला गेला तर पुढचं यान दोन महिन्यांनी येणार होतं.

"कापू नको," ओजस म्हणाला.

"मग आखूड कसा करू?"

ओजसने पेटीतली क्लिप उचलली. तो फळीपाशी गेला, दोरा वर ओढून घेतला आणि फळीच्या कडेला क्लिपमध्ये अडकवला. खाली उरलेला दोरा आखूड झाला होता. वरचा दोरा सैल लोंबत होता.

"वरचा नुसता पडून राहील," तो म्हणाला. "पाहिजे तेव्हा परत सोडायचा."

मृदा बघतच राहिली. "हे मला नसतं सुचलं, ओजू."

मग माकडाचा नट परत जागेवर चिकटवून काम वाटून घेतलं. ओजस क्लिप लावणार आणि मोजपट्टी धरणार, मृदा झोके मोजून लिहिणार. आधी पन्नास सेंटिमीटर. झोके आले चौतीस. मग पंचवीस सेंटिमीटर. झोके एकोणपन्नास! मग वीस. चौपन्न.

"वाढतायत! ताई, वाढतायत!" ओजस इतक्या जोरात उडाला, की मृदाने त्याचा पाय धरून त्याला खाली ओढलं.

पंधरावर त्रेसष्ट झाले. जरा जास्तच. ओजसने क्लिप उघडून थोडासा दोरा सोडला. सतरावर एकोणसाठ. त्याने क्लिप केसभर सरकवली, श्वास रोखून. मोजपट्टीवर साडेसोळा.

मृदा मोजू लागली. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. आणि मिनिट संपलं.

माकड आपलं टुणटुण झुलतच होतं.

संध्याकाळी आई आली, तेव्हा मृदाने तिच्यासमोर वही धरली. "आई, नव्व्याण्णवचे सहा भाग केले तर एक भाग साडेसोळाचा येतो. मी भागाकार करून पाहिला. चंद्राची ओढही पृथ्वीच्या सहा भागांतला एक भागच आहे. हे उगीच जुळलेलं नाही ना?"

"उगीच नाही," आई खाली बसत म्हणाली. "माकड बाजूला नेऊन सोडलं की त्याला खाली कोण आणतं?"

"चंद्र," ओजस म्हणाला.

"हो. त्या ओढीला म्हणतात गुरुत्वाकर्षण (प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला आपल्याकडे ओढते ती ओढ). पृथ्वी जोरात ओढते, म्हणून तिथे माकड झटकन खाली येतं. चंद्र हळू ओढतो, म्हणून त्याच लांबीच्या दोऱ्यावर ते रेंगाळतं. मग तुम्ही काय केलंत? त्याची वाटच लहान करून टाकलीत. ओढ सहा भागांतली एक, वाटही सहा भागांतली एक. म्हणून वेळ पुन्हा तेवढाच लागला."

मृदाच्या कपाळावर आठी होती. "पण मग लांब दोऱ्यावर साठाचे दहाच झोके यायला हवे होते. चोवीस कसे आले?"

"वहीत बघ. पंचवीसवर किती आले?"

"एकोणपन्नास. म्हणजे दोरा चौथाई केला, तर झोके चौपट नाही झाले. दुपटीएवढेच झाले."

"दोन दुणे चार. म्हणजे दोरा किंवा ओढ चार पटींनी बदलली, की झोके दोन पटींनीच बदलतात. आता साठला चोवीसने भाग."

"अडीच."

"आणि अडीच गुणिले अडीच?"

मृदाने कोपऱ्यात गुणाकार केला. "सव्वासहा. जवळजवळ सहा!" ती ओरडलीच.

ओजसला गुणाकार येत नव्हता. त्याने आईची बाही ओढली. "म्हणजे आजोबांचा कागद चुकला?"

आईने वही मिटली. "उद्या त्यांनाच विचार," ती म्हणाली.

रविवारी पडद्यावर आजोबा दिसले. चष्मा कपाळावर, मागे दाराच्या चौकटीला टांगलेलं लाल माकड. पृथ्वीवरून चंद्रावर आवाज यायला सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर परत जायला आणखी सव्वा. त्यामुळे काहीही विचारलं, की मध्ये एक शांतता असे.

"आजोबा," ओजस एका दमात म्हणाला, "तुमचा दोरा इथे चालत नाही. चोवीसच येतात. आम्ही साडेसोळा केला."

शांतता. ओजसचे हात खिशाकडे जाऊ लागले.

"अरे देवा!" आजोबांनी कपाळावर हात मारला, तो चष्म्यावरच बसला. "हजारभर पेट्या बांधल्या असतील मी. हात आपोआप नव्व्याण्णव लिहून गेला. पेटी कुठे चाललीय, याचा विचारच केला नाही. चूक माझी, ओजस. तुला त्रास झाला का रे?"

"थोडासा," ओजस म्हणाला. "मला वाटलं, मीच बिघडवलं."

पुन्हा तीच शांतता. मग आजोबांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

"शाळेतही असंच व्हायचं बघ," ते म्हणाले. "प्रयोग जुळला नाही की मुलं आपल्या हातांकडे बघायची. मी म्हणायचो, आधी दोऱ्याकडे बघा. आणि या वेळी मीच बघायचं विसरलो. हा साडेसोळाचा आकडा तू शोधलास?"

"क्लिप माझी. लिहिलं ताईने."

"मग सोडायची माकडं?"

आजोबांनी "सुरू!" म्हटलं, ते ऐकू आलं त्याच क्षणी ओजसने माकड सोडलं. पडद्यावर लांब दोऱ्यावरचं लाल माकड आणि फळीखाली वीतभर दोऱ्यावरचं निळं माकड एकाच तालावर हलू लागली. सगळे मोठ्याने मोजत होते. आजोबांचं साठ आणि मुलांचं साठ त्या खोलीत एकदमच ऐकू आलं. तिकडे आजोबांना मात्र मुलांचं साठ अडीच सेकंद उशिरा पोचलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या त्याही तशाच उशिरा आल्या, म्हणून ओजसने त्या संपल्यावर पुन्हा स्वतःच वाजवून घेतल्या.

त्या महिन्यात दोघांनी रिकाम्या पाकिटांच्या पुठ्ठ्यातून आणखी चार माकडं कापून चार नव्या खटपट पेट्या भरल्या. आईच्या खोलीतले जुने नट घेतले आणि जुन्या पिशव्यांचा दोरा उसवला, तिला विचारून. पहिली पेटी घ्यायला आली शेजारच्या खोलीतली नाझनीन. ती मृदाच्याच वयाची होती आणि तिचं कुटुंब पुढच्या यानाने मंगळावर चाललं होतं.

"दोरा किती लांब ठेवू?" तिने विचारलं.

मृदाने मनात हिशेब सुरू केला होता. मंगळाची ओढ पृथ्वीच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त, म्हणजे...

"सांगू नको, ताई!" ओजसने तिच्या तोंडावर हात ठेवला. "तिला मोजू दे." मग नाझनीनकडे वळून त्याने विचारलं, "तू तिथून कळवलंस, तर इथे पोचायला किती वेळ लागेल?"

"निरोपाला कधी चार मिनिटं, कधी वीस," नाझनीन म्हणाली. "पण आम्हालाच पोचायला सात महिने लागणार."

ओजसने बोटांवर महिने मोजले. सात बोटं झाली.

"चालेल," तो म्हणाला. "मी थांबतो."