नाव नसलेल्या गोळ्या

चहाचा कप हातातच राहिला आणि रुपा सासूबाईंच्या उशाशी बसली... ब्राह्मणपुरीच्या त्या घरात सूर्य वर आल्यावर गजराबाई अंथरुणात आहेत, असं आजवर कधी घडलंच नव्हतं!

"माय... ओ माय!"

हुंकारही नाही. शहाद्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या रुपाने घड्याळाकडे पाहत श्वास मोजले. पूर्ण मिनिटात सात! डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी रोजची एकच, तीही रुपाच हाताने देई. मग हे काय?... तेवढ्यात गजराबाईंच्या पोलक्याच्या खिशातून एक चंदेरी तुकडा डोकावताना तिला दिसला. कात्रीने कापलेली स्ट्रिप. गोळ्यांची दोन्ही घरं रिकामी, आणि गोळीचं नाव दुसऱ्या तुकड्याबरोबर गेलेलं.

दुसरा तुकडा कुणाकडे असेल, हे रुपाला तत्क्षणी उमगलं. मागच्याच आठवड्यात सुरतहून येऊन गेलेली नणंद स्वप्नाली जिवाच्या घालमेलीवर अशाच गोळ्या घेत होती. आईच्या मायेपोटी दिल्या असतील... पण हे कळलं तर स्वप्नालीआक्का जन्मभर स्वतःला क्षमा करतील का?

रुपाच्या नवऱ्याने, नवनीतने, घाईघाईने गाडी काढली. वाटेत रुपाने फोन लावला. "आक्का, तुम्ही लेतस त्या गोयीनं नाव काय शे? माले झोप येत नई."

नाव कळलं. दवाखान्यात पोचताच तिने डॉक्टरांपुढे दोन्ही औषधं, वेळ, श्वास, सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही.

"नाव कळलं, बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "एकेक गोळी बेताचीच. पण दोन्ही एकत्र घेतल्या की श्वासच मंदावतो."

"दुसरी कुठून आली, ते घरात मी सांगेन," रुपा हळूच म्हणाली.

पण तिने ते सांगितलंच नाही!

खबर मिळताच सुरतहून निघालेली स्वप्नाली दुपारी आली ती आक्रोश करतच. "सकायी गोयीनं नाव तूच इचारं ना? मन्ही मायले तूच चारी दिधी! ती रातभर घरमा फिरस त्याना तुले तरास व्हये ना?"

नवनीतने मान खाली घातली. त्या झुकलेल्या मानेने रुपाचं काळीज चिरलं... ज्या प्रश्नाने सासूबाईंचा प्राण वाचला, तोच तिच्यावर उलटला होता. तरी ती भिंतीला टेकून निमूट उभी राहिली. नजर मात्र सासूबाईंच्या छातीच्या चढउतारावर. दहा... अकरा... बारा!

दोन दिवस तिला कुणी पाणीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी गजराबाईंनी डोळे उघडले, लेकीची बडबड ऐकली आणि क्षीण हात उचलला.

"तिले बोलू नको वं! गोया मीच लिध्यात. डाक्टरनी एक, वरथून तुन्ह्या दोन..."

"पन कसाले, माय?"

"मी रातभर फिरूं तं रुपानी झोप मोडे. पहाटनी गाडी ऱ्हास तिले. पोर उभ्या उभ्या डुलक्या खाये... म्हनं, आज तिले झोपू देऊ."

मागच्या आठवड्यात निघताना आईच्या हातात आपणच ठेवलेल्या दोन गोळ्या स्वप्नालीला आता आठवल्या. तिने पर्समधली स्ट्रिप काढली. रुपाने दडवलेला तुकडा बाहेर आला. कडा कडेला जुळली.

"रुपा... तुले मालूम व्हतं? मंग बोलनी कशी नई?"

"डाक्टरले सांगं व्हतं, आक्का. तठे सांगनं गरजेनं व्हतं. तुमले सांगीसन मायना श्वास वाढनार व्हता का?"

स्वप्नालीने तिला घट्ट कवटाळलं. नवनीत पाण्याचा पेला घेऊन पुढे आला.

"माय," रुपा डोळे पुसत म्हणाली, "आते झोप नई उनी तं माले उठाडा. दोन्ही गप्पा मारसूत. पन कोनी दिधेल गोयी लेवानी नई."

"नई लेस वं, माय मन्ही!"

त्या भर दुपारी, सासूबाईंच्या कुशीशी डोकं टेकून, तीन दिवस जागलेली रुपा गाढ झोपली. गजराबाईंचा हात तिच्या केसांवरून फिरत होता. रुपाचा फोन वाजू लागला. शाळेतून होता. स्वप्नालीने झडप घालून तो उचलला आणि व्हरांड्यात जाऊन हलक्या आवाजात म्हणाली,

"मॅडम झोपल्या आहेत. त्यांना उठवायचं नाही!"