चौथा टोचा

नर्सिंग कॉलेजात ती तिसऱ्या वर्षाला शिकवायची. प्रात्यक्षिकाचा पेशंट खोटा असे. नाटकात कामं करणाऱ्या एक मावशी पलंगावर झोपून दुखणेकरी व्हायच्या. नियम ठरलेले. कार्डावर आहे तेवढंच बोलायचं. सलाईनची सुई टोचायची नाही, नळी नुसती चिकटपट्टीनं डकवायची.

या वेळचं कार्ड तिनं आईवरून लिहिलं होतं. आईला जाऊन दोन महिने झाले होते. शेवटची सुई तिनंच लावली होती. शीर सापडेना, चौथ्यांदा लागली. तोवर आई तिचा अंगठा मुठीत धरून होती. मग ती तास घ्यायला गेली. परतली तेव्हा पलंगावरची चादर बदललेली होती. आईनं आपल्याला बोलवायला सांगितलं होतं का, हे वॉर्डात कुणालाच नक्की सांगता येईना.

म्हणून कार्डावर शेवटचं वाक्य तिनं स्वतःच घातलं : ‘मुलीला बोलवा.’

“मावशी, आज तरी धड मरा हं,” एक मुलगी म्हणाली. “मागच्या खेपेला मरता मरता शिंकलात!”

“तू हात जरा गरम करून ये. तुझ्या हातानंच जीव जायचा माझा.”

सगळ्या हसल्या. ती गुणांची वही घेऊन कोपऱ्यात उभी राहिली.

प्रात्यक्षिक सुरू झालं. मावशींचा श्वास तुटू लागला. मुलीनं वाकून विचारलं, “आजी, घरचं कुणाला बोलवू?”

“नको. तिचा तास चालू असेल.”

मुलगी गोंधळली. “तुमच्या लेकीला बोलवू ना?”

“तास संपू दे. मध्येच उठवलं की तिला पुढचं काही सुचत नाही.”

कोपऱ्यातलं पेन थांबलं.

नंतर मावशी उठून बसल्या. कोपऱ्यातून पलंगाशी येऊन तिनं हळूच विचारलं, “ते तासाचं कुठून आणलंत?”

“कसला तास? ‘मुलीला बोलवा’ म्हटलं की मी. कार्डातलंच.” त्यांनी हात पुढे केला. “पट्टी जपून काढा बाई, ठणकतंय.”

तिनं पट्टी सोडवली.

मनगटाच्या वर ओळीनं चार टोचे होते. चौथ्याभोवती निळं पडलं होतं.

सवयीनं तिनं त्यावर कापूस दाबून धरला.

बाहेर तास संपल्याची घंटा झाली.

मावशी तिकडे तोंड करून मुलींशी हसत बोलत होत्या. त्यांच्या हाताची बोटं मात्र हळूहळू वळली, आणि त्यांनी तिचा अंगठा मुठीत धरला.